सॉलिड सरफेसच्या ओट्याचा जॉइंट कुठे येणार ते कापायच्या आधी कागदावर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या घर-सजावटीच्या पुरवणीत मॉड्युलर किचनवर लेख आला होता, त्यात सॉलिड सरफेसच्या ओट्याबद्दल दोन वाक्यं होती. एक, जॉइंट अजिबात दिसत नाही, आणि दुसरं, दहा वर्षांची वॉरंटी मिळते त्यामुळे काळजी नाही. लेख एकूण चांगला होता, फोटो तर मस्तच, पण ह्या दोन वाक्यांवर भरवसा ठेवून लोक पैसे मोजतात आणि नंतर भांडणं होतात, ती मी रोज बघतो म्हणून लिहितोय. मी पुण्यात फॅब्रिकेटर आहे, म्हणजे हेच काम करतो, ह्या मालाची शीट कापणं, जोडणं, बसवणं, आणि आजकाल दुसऱ्यांनी केलेलं दुरुस्त करणंच जास्त.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात. हा दगड नाही. अॅक्रिलिक रेझिन आणि अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट नावाची पांढरी खनिज पावडर यांचं मिश्रण, वजनात बघाल तर दोन-तृतीयांशाच्या आसपास पावडरच. ड्यूपाँट कंपनीत 1967 मध्ये हे तयार झालं, कोरियन (Corian) ह्या ब्रँडच्या नावाने विकायला आलं, पुढे एलजी, सॅमसंग वगैरेंनीही असा माल काढला. आपल्याकडे मात्र सुतारापासून इंटिरियरवाल्यापर्यंत सगळे कुठल्याही पांढऱ्या शीटला कोरियनच म्हणतात, गिऱ्हाइकाला वाटतं कोरियातून आलंय, आणि बिलावर नुसतं 'कोरियन ओटा' लिहिलेलं असतं, त्यावरून माल कुठल्या कंपनीचा हे कुणालाच सांगता येत नाही. ह्याचा वॉरंटीशी थेट संबंध आहे, पुढे येतोच.

आता जॉइंट. शीट येते 12 फूट बाय अडीच फूट, जाडी 12 मिमी. आपला ओटा दोन फूट रुंद. म्हणजे दोन फूट कापल्यावर सहा इंचाची पट्टी उरते आणि त्या पट्टीतूनच मागचं चार इंची स्कर्टिंग आणि समोरची कड जाड दिसावी म्हणून लावतात ती दीड इंची फ्रंट पट्टी काढायची असते. आमच्या धंद्याचं सगळं गणित त्या सहा इंचात आहे असं म्हटलं तरी चालेल. एल आकाराचा ओटा घ्या, एक बाजू दहा फूट, दुसरी सात. दहाची बाजू एका शीटमधून सरळ निघते. दुसऱ्या बाजूचे दोन फूट कोपऱ्यात आधीच झाले, राहिले पाच. जॉइंट कुठेतरी येणारच, त्याला इलाज नाही. मग सगळ्यात स्वस्त जागा कुठली, तर बरोबर आतल्या कोपऱ्यात, पाच फुटाचा सरळ तुकडा दहा फुटाच्या तुकड्याला टेकवायचा आणि चिकटवून टाकायचा, ना गोलाई ना जादा शीट, काम पटकन मोकळं. आणि नेमकं हेच करायचं नसतं.

कारण असं की हा माल उन्हाळ्यात-हिवाळ्यात आणि गॅसजवळच्या उष्णतेने लांब-आखूड होतो, तीन मीटरचा ओटा 30 अंशांच्या फरकाने साधारण 3 मिमी सरकतो. एल मध्ये दोन बाजू दोन दिशांना सरकतात आणि सगळा ताण येतो आतल्या कोपऱ्यावर. तिथे काटकोन ठेवला तर तडा तिथूनच सुरू होणार, आणि तिथेच जॉइंट असेल तर मग विचारूच नका. म्हणून कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की जॉइंट आतल्या कोपऱ्यापासून किमान 25 मिमी लांब घ्या आणि कोपरा एका अखंड तुकड्यातून राउटरने, म्हणजे कडा कापायच्या मशीनने, गोल कापा. ते करायचं तर दहा फुटाचा तुकडा कोपऱ्याशी दीड-दोन इंच जास्त रुंद ठेवावा लागतो, शीट अडीच फूट असल्यामुळे तेवढी जागा असते, पण मग सहा इंचाची पट्टी चारवर येते, स्कर्टिंग निघालं तर फ्रंट पट्टी निघत नाही आणि दुसऱ्या शीटला हात लावावा लागतो. गिऱ्हाइकाने दर घासून घासून कमी केलेला असतो, फॅब्रिकेटर ते पैसे इथे काढतो. दोघंही खूश, दोनेक वर्षं.

काही जण 45 अंशात कापतात, फोटोफ्रेमच्या कोपऱ्यासारखं, आणि इंटिरियरवाल्यांना ते फार आवडतं. पण दोन फूट रुंदीला तो जॉइंट जवळजवळ 34 इंच लांब होतो, आणि त्याचं एक टोक परत आतल्या कोपऱ्यातच. मी सांगतो नको, ते म्हणतात ड्रॉइंगमध्ये तसंच दाखवलंय.

कोपरा सोडून बाकीच्या जागा पण बघा. हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या गॅसच्या) आणि सिंकच्या कटआउटपासून, म्हणजे त्यांच्यासाठी शीटमध्ये कापलेल्या भोकापासून, जॉइंट किमान 75 मिमी लांब हवा, कटआउटमधून तर जाताच कामा नये, कारण हॉबच्या पुढे-मागे शीटची जेमतेम दोन-अडीच इंचाची पट्टी उरते, सगळ्यात कमजोर आणि सगळ्यात गरम जागा तीच. डिशवॉशरच्या वर जॉइंट नको, दार उघडलं की वाफ थेट खालच्या बाजूला लागते. डिशवॉशर आता पुण्या-मुंबईत बरेच लोक घेतात पण ओटा ठरवताना सांगत नाहीत, दिवाळीत ऑफर लागली की आणतात आणि जिथे कपाट काढता येईल तिथे घुसवतात. तो येणार असेल तर आधी सांगा हो, जॉइंट फूटभर इकडे-तिकडे करायला मापाच्या दिवशी काही लागत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुरवणीत येत नाही ती म्हणजे लिफ्ट. दहा फुटाचा अखंड तुकडा आपल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने न्यायचा तर वळणावर अडकतो, पेठांमधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तर प्रश्नच नाही. मग साइटवर ऐनवेळी तुकडा मधून कापतात आणि वर नेऊन जोडतात, म्हणजे तुमच्या ओट्याचा जॉइंट तुमच्या जिन्याने ठरवला. माप घ्यायला येणारा माणूस नुसता ओटा मोजून गेला आणि जिना, लिफ्ट, पॅसेज बघितलाच नाही तर समजा पुढे असं काहीतरी होणार.

आता जॉइंट दिसत नाही हे खोटं आहे का, तर नाही, नीट केला तर पांढऱ्या किंवा बारीक दाण्याच्या शीटमध्ये खरंच शोधावा लागतो, ही ह्या मालाची मोठी खुबी आहे, ग्रॅनाइटला ते कधीच जमणार नाही. पण गडद रंगात रेघ थोडी दिसतेच, मोठ्या दाण्याच्या किंवा संगमरवरासारख्या रेघा असलेल्या शीटमध्ये तर डिझाइन तुटल्यामुळे नक्की दिसते. दोन तुकडे एकाच बॅचच्या शीटमधले नसतील तर रंगात फरक येतो, दुकानात ट्यूबलाइटखाली कळत नाही, घरी सकाळच्या उजेडात कळतं. आणि नीट करणं म्हणजे काय तर दोन्ही कडा राउटरने एकदम सरळ, मार्बल कटरने कापलेल्या नाहीत, स्पिरिटने पुसलेल्या, त्यात त्याच रंगाचं दोन भागांचं अॅक्रिलिक ग्लू, ज्याच्या ट्यूबवर एक्स्पायरी असते आणि ती कुणी बघत नाही. क्लॅम्प फार आवळले तर ग्लू सगळा बाहेर येतो आणि मध्ये काही उरत नाही, वरून छान दिसतं आतून उपाशी. ग्लू ओला असताना पुसायचा नसतो, वर थोडा उंच राहू द्यायचा, नखाने दाबून खड्डा पडत नाही इतका कडक झाला की मग घासायचा. आणि जॉइंटच्या खाली त्याच शीटची साधारण चार इंच रुंद पट्टी पूर्ण चिकटवायची. ही पट्टी खाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही, त्यामुळे पहिली गाळली जाते ती हीच. मी दुरुस्तीला जातो तेव्हा आधी ट्रॉली काढून टॉर्च घेऊन खाली बघतो, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं, प्लायचा तुकडा सिलिकॉनने चिकटवलेला असतो किंवा तेवढंही नसतं.

मागच्या उन्हाळ्यात वाकडच्या एका घरी बोलावलं होतं. एल ओटा, जॉइंट बरोबर आतल्या कोपऱ्यात, हॉब तिथून एका वितीवर. कोपऱ्यातून हॉबकडे बोटभर लांब तडा गेलेला, त्यात हळद बसून पिवळी रेघ. त्या बाईंनी सगळं व्यवस्थित केलं होतं, म्हणजे फाइलमध्ये वॉरंटी कार्ड होतं, दहा वर्षं लिहिलेलं. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला शीटमध्ये दोष नाही, फॅब्रिकेशनचा दोष आहे, आम्ही देणं लागत नाही. खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. फॅब्रिकेटर म्हणाला मॅडम तुम्ही गरम कढई ठेवली असणार. डीलर म्हणाला मी फक्त शीट विकली, बसवणारा तुमच्या इंटिरियरवाल्याने आणला. इंटिरियरवाल्याने फोन घेणं बंद केलं. एका ओट्याला चार माणसं आणि जॉइंट कुणाचाच नाही! बाईंकडे बिल विचारलं तर ते कच्चं, टॅक्स वाचवायचा म्हणून घेतलेलं.

कढईचं म्हणाल तर तो आरोप दर वेळी खोटा नसतो. हा माल साधारण 100 अंशांपर्यंतच बिनघोर चालतो, तळणीचं तेल 180 च्या आसपास असतं, त्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर ठेवायची नाही म्हणजे नाही, कडप्प्याच्या ओट्यावर पन्नास वर्षं चाललं असेल ते इथे चालणार नाही. पण कढईचा डाग गोल असतो, भांड्याच्या बुडाच्या मापाचा, तिथे पांढरट किंवा करपलेलं दिसतं. कोपऱ्यातून सरळ निघालेला तडा कढईने पडत नाही. वाकडला गोल डाग कुठेच नव्हता.

आता वॉरंटी. ह्या सगळ्या कंपन्यांच्या वॉरंट्या मर्यादित असतात. मुळात शीट बनवताना राहिलेला दोष एवढंच त्यात धरलेलं असतं. ओरखडे, आघात, उष्णता, केमिकल, एका घरातून काढून दुसऱ्या घरात नेलेला ओटा, चुकीचं फॅब्रिकेशन, हे सगळं बाहेर. काही कंपन्या बसवलेल्या कामाचीही वॉरंटी देतात, ड्यूपाँटची कोरियनची 10 वर्षांची वॉरंटी अशी बसवलेल्या कामासाठी प्रसिद्ध आहे, पण अट अशी की काम त्यांच्या अधिकृत फॅब्रिकेटरने केलेलं हवं. म्हणजे असली शीट आणली आणि जोडायला स्वस्तातला माणूस लावला तर जॉइंटची वॉरंटी पहिल्या दिवशीच गेली, नुसतं कार्ड राहिलं. आणि कार्डवर फॅब्रिकेटरचं नाव, शीटचा बॅच नंबर, बिल नंबर ह्या जागा कोऱ्या असतील तर त्या कार्डला काय अर्थ आहे तुम्हीच सांगा. शीटच्या मागच्या बाजूला सहसा कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो, ओटा बसल्यावर तो कुणाला दिसत नाही, म्हणून शीट घरात किंवा वर्कशॉपमध्ये आली की कापायच्या आधी मागचा फोटो काढून ठेवा. मोबाइल सगळ्यांकडे आहे. जो फोटो काढू देत नाही त्याला काम देऊ नका.

वॉरंटी घालवणारे आणखी दोन जण असतात, त्यांचा ह्या धंद्याशी संबंधच नसतो. एक सुतार, जो ट्रॉलीच्या वर 18 मिमीचा पूर्ण प्लाय ठोकतो कारण त्याला वाटतं भक्कम होईल. खरं म्हणजे ह्या शीटला खाली फ्रेम किंवा पट्ट्यांचा आधार लागतो, दर दीड-दोन फुटांवर, पूर्ण प्लाय असला की उष्णता अडकून बसते. वर त्याने खालून शीटमध्ये स्क्रू मारला तर तिथूनच तडा. दुसरा टाइल्सवाला मिस्त्री. ओटा आणि भिंतीमध्ये 3 मिमी फट मुद्दाम ठेवलेली असते, सरकायला, ती सिलिकॉनने भरायची असते. हा येतो आणि पांढरं सिमेंट भरून टाकतो, दोन्ही टोकांना. मग ओटा उन्हाळ्यात जाणार कुठे?

भांडण झालंच तर कायदा अगदीच कुचकामी नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात शीट ही वस्तू आणि बसवणं ही सेवा, त्यामुळे कंपनी, डीलर, फॅब्रिकेटर तिघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करता येतं, मग एकमेकांकडे बोट दाखवायचं ते ग्राहक आयोगासमोर दाखवू दे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोष उद्भवल्यापासून 2 वर्षं, आणि आधी 1915 ह्या हेल्पलाइनवर नोंदवून बघा, काही कंपन्या तेवढ्यानेच हलतात. एक गैरसमज मात्र आहे. त्याच कायद्यात उत्पादन-दायित्व नावाचं प्रकरण आहे, लोक ते वाचून उड्या मारतात, पण त्यात खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान धरलेलं नाही, त्यामुळे तडकलेल्या ओट्यासाठी दोषयुक्त माल आणि सेवेतली त्रुटी हाच रस्ता. बिल्डरनेच किचन करून दिलेलं असेल आणि करारात ते लिहिलेलं असेल तर रेरा कायद्याचं कलम 14 बघा, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण ह्या सगळ्याला पक्कं बिल लागतं. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, पण तुम्हीच नको म्हणालात तर तुमची बाजू लंगडी होते.

माझं सांगणं एवढंच आहे की आयोगापर्यंत जायची वेळच येऊ नये अशी सोय एका कागदात होते. कापायच्या आधी फॅब्रिकेटरकडून ओट्याचं वरून दिसणारं ड्रॉइंग घ्या, हाताने काढलेलं चालेल, त्यात प्रत्येक जॉइंटची रेघ, कोपऱ्यापासून आणि कटआउटपासूनचं अंतर, शीटची कंपनी आणि शेड नंबर, जॉइंटखाली पट्टी कशाची लागणार, आणि जॉइंट उघडला किंवा तडकला तर किती वर्षं कोण फुकट करून देणार. शीटची वॉरंटी कंपनीची, जॉइंटची माझी, असं मी माझ्या गिऱ्हाइकाला लिहून देतो आणि सही करतो. धंद्यातले काही जण म्हणतात तू रेट खराब करतोस, एल ओट्याला जादा शीट लावून तुझं कोटेशन वर जातं. जातं खरं. त्यामुळे काही कामं सुटतात पण.

अजून एक, सिंकचं कटआउट कापल्यावर जो तुकडा निघतो तो फॅब्रिकेटरला घेऊन जाऊ देऊ नका, माळ्यावर ठेवा. ह्या मालात तडा गेलेला भाग कापून तिथे नवा तुकडा जोडता येतो, घासल्यावर कळतही नाही, पण पाच वर्षांनी त्याच शेडची नवीन शीट आणली तरी रंग जुळेलच असं नाही, तुमच्याच ओट्याचा तुकडा असला तर प्रश्न मिटला. वाकडच्या बाईंकडे तो नव्हता. फॅब्रिकेटरने नेला होता आणि बहुतेक कुणाच्या तरी बाथरूममध्ये शेल्फ म्हणून लावला असेल. मी कोपरा कापून गोल करून नवा तुकडा घातला, खाली पट्टी दिली, पण रंगात फरक राहिलाय आणि तो राहणार.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत ह्या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा वॉरंटी दहा वर्षांची असं नुसतं न लिहिता ती कशाची आणि कुठल्या अटींवर हेही छापा, आणि कंपन्यांच्या जाहिराती आपल्याकडे येतातच तर त्यांना विचारा की जॉइंट कुठे घ्यायचा ह्याचे नियम इंग्रजी मॅन्युअलमध्ये आहेत ते वॉरंटी कार्डाच्या मागे मराठीत का छापत नाहीत. अर्ध्या पानात बसतील.

आपला,
एक फॅब्रिकेटर, पुणे